अकरावीचं वेळापत्रक : साथीनंतरच्या निवासी शाळेतलं एक प्रकरण

मुलगी अकरावी विज्ञानची, वय सोळा, सत्तरी तालुक्यातल्या एका गावची. शाळा गोव्यातलीच, निवासी, सीबीएसई अभ्यासक्रमाची. प्रवेश परीक्षा देऊन ती २०१७ साली सहावीत तिथे आली. मी त्या शाळेत समुपदेशक म्हणून ठरलेल्या दिवशी जाते. तिला झालं होतं ते बर्नआउट, म्हणजे सततच्या ताणाने पार थकून जाणं, असं माझं मत आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत, शाळेचं नाव देत नाही, आणि हे सगळं मुलीला आणि तिच्या आईवडिलांना विचारूनच लिहिते आहे.

प्रकरण माझ्याकडे आलं सप्टेंबर २०२२च्या अखेरीस, सहामाहीचे पेपर तपासून झाल्यावर. भौतिकशास्त्राच्या सरांनी तिची उत्तरपत्रिकाच आणून समोर ठेवली. पहिली दोन उत्तरं नेटकी. आकृती पेन्सिलीने काढलेली, बाणांना नावं दिलेली. तिसऱ्या उत्तरात सूत्र मांडलेलं, किमती घातलेल्या आणि बरोबरच्या चिन्हापुढे काहीच नाही. पुढची सगळी पानं कोरी. सर म्हणाले, "टीचर, तिला हे येतं. फळ्यावर सोडवून दाखवलंय तिने. बसून लिहायचा आळस, दुसरं काही नाही."

वॉर्डनबाईंचं म्हणणं वेगळं होतं. दोन वर्षं मोबाइल हातात राहिला, आता तो नाही म्हणून जीव रमत नाही. आईने फोनवर सांगितलं की चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी आली तेव्हाच काहीतरी बिनसलेलं दिसत होतं. "गणपतीवर फळांची माटोळी बांधायला दरवर्षी हीच पुढे. यंदा नारळ-सुपाऱ्यांचे घोस ओसरीवर तसेच पडून, आणि ही झोपलेली. फुगडीला बायका बोलवायला आल्या तरी उठली नाही. दिष्ट लागली का काय म्हणून देवळात कौलसुद्धा घेतला." वडील थोडकंच बोलले. मार्च २०१८मध्ये खाणी बंद पडल्यापासून त्यांचा टिप्पर दारात उभा, मग दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, मग टाळेबंदी. मुलगी इंजिनीयर होणार, या एका गोष्टीवर घर उभं होतं.

चौघांची चार मतं, आणि चारही मतांत बिघाड मुलीत होता. मला हे खटकलं. म्हणून तिला बोलवण्याआधी मी सिक रूममधली नोंदवही मागून घेतली. वर्गातल्या हजेरीपटापेक्षा वसतिगृहाबद्दल जास्त खरं बोलणारं पुस्तक हेच, असा माझा अनुभव आहे. तारीख, नाव, वेळ, तक्रार, ताप, दिलेलं औषध, असे रकाने. जुलैपासून तिचं नाव पुन्हा पुन्हा. डोकं दुखतं. पोटात कळ. चक्कर. डोकं दुखतं. ताप नाही. पॅरासिटामॉल, ओआरएस, एकदा नुसतंच 'विश्रांती'. मी तक्रारींचा रकाना सोडला आणि वेळेच्या रकान्यावरून बोट फिरवलं. जवळजवळ सगळ्या नोंदी रात्री साडेआठ ते सव्वानऊच्या मधल्या. म्हणजे संध्याकाळचा अभ्यासतास संपत आलेला आणि रात्रीचा जादा तास सुरू व्हायचा असताना. त्याच वेळेला, त्याच पानांवर, तिच्या वर-खाली अकरावीच्याच आणखी मुलींची नावं होती. सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हो, अकरावीच्या मुली रात्री येतात. मुलगे येत नाहीत, ते बाथरूममध्ये जाऊन बसतात."

मुलीशी पहिली भेट फारशी काही देणारी नव्हती. ती नम्र होती, प्रश्नाला उत्तर देत होती आणि आवाजात काही चढउतार नव्हता. घरची आठवण येते का? नाही. कुणी त्रास देतं का? नाही. मग काय होतं? बराच वेळ थांबून ती म्हणाली, "टीचर, पेन हातात धरलं की वाटतं, हे लिहून झालं की दुसरं येणार. मग लिहावंसंच वाटत नाही."

दुसऱ्या भेटीत तिलाच कागद दिला आणि आठवड्याचं वेळापत्रक काढायला सांगितलं. सव्वापाचला उठणं, पावणेसहाला पीटी, सातला सकाळचा अभ्यास, आठ ते दोन शाळा. जेवणानंतर तीन ते पाच प्रवेश परीक्षांची तयारी. खेळाचा तास आठवड्यातून तीन दिवस, तोही 'भरपाई वर्ग' नसेल तर. साडेसहा ते नऊ देखरेखीखालचा अभ्यास, मध्ये जेवण. साडेनऊ ते साडेदहा जादा तास. पावणेअकराला दिवे बंद. रविवारी सकाळी चाचणी. कुणी काही सांगत नाही अशी वेळ लाल पेनाने रंगव म्हटलं. जेवणानंतरची वीस-पंचवीस मिनिटं, चहानंतरची थोडी, झोपण्याआधीची थोडी. सलग दोन तास मिळत होते ते फक्त रविवारी दुपारी, आणि ते आठवड्याचे कपडे धुण्यात जात होते.

दिवे बंद झाले तरी साडेअकरापर्यंत झोप लागत नाही, असं तिने सांगितलं. म्हणजे हातात सहा तासही नाहीत. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेच्या तज्ज्ञांच्या संघटना सांगतात. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे लवकर झोपायला सांगून झोप येत नाही. पहाटेची घंटा मात्र ठरल्या वेळीच होते.

साथीपूर्वी ही शाळा अशी नव्हती. मार्च २०२०पर्यंत खेळ रोज होता, रात्रीचा अभ्यास नऊला संपत होता, रविवार मोकळा होता. मुलं परत आल्यावर हे बदललं, आणि त्यामागचा हेतू वाईट नव्हता. दोन वर्षांत राहून गेलेलं भरून काढायला हवं होतं. अकरावीतल्या मुलांना त्रैराशिक आणि घातांक अडत होते, हे गणिताच्या बाईंनी मला वह्यांसकट दाखवलं. पालकही मागे लागले होते. राहून गेलेला अभ्यास खरा होता. पण भरपाईसाठी लागणारा वेळ कशातून काढला, तर झोपेतून, खेळातून आणि रविवारातून.

आता ती दोन वर्षं तिने कुठे आणि कशी काढली, ते.

आठवी संपता संपता शाळा बंद झाली आणि ती गावी गेली. घरात फोन एक, शिकणारी भावंडं दोन. घरात रेंज नाही. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराळ भागातल्या कित्येक मुलांप्रमाणे तीही माळावर चढून वर्गाला बसायची. पावसात छत्री धरून, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून. नववी अशी गेली. उरलेल्या वेळात घर. आई रोजंदारीवर जायची, तेव्हा पेज-कडी हिच्याकडे. मार्च ते मे काजूच्या मोसमात बोंडं गोळा करून बिया वेगळ्या काढायच्या. धाकट्या भावाला शिकवायचं. आजीचं औषधपाणीही हिच्याचकडे.

आजी मे २०२१मध्ये गेली. त्या दिवसांत गोव्यात तपासलेल्या जवळपास दर दुसऱ्या नमुन्यात संसर्ग सापडत होता. घरच्यांना शेवटचं पाहता आलं नाही, दिवसकार्याला माणसं जमली नाहीत. मुलीने हे मला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. रडायला वेळ कधी मिळाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, "दहावी सुरू झाली ना."

दहावीचंही सांगायला हवं, कारण कोऱ्या उत्तरपत्रिकेचा एक धागा तिथे जातो. सीबीएसईने २०२१-२२ची दहावी दोन सत्रांत घेतली. पहिलं सत्र दीड तासाचं, पर्याय निवडून गोल काळे करायचे. दुसरं सत्र दोन तासांचं, लेखी, निम्म्या अभ्यासक्रमावर. त्याआधीची नववी ऑनलाइन, आणि आठवीची वार्षिक परीक्षा झालीच नाही. म्हणजे २०१९च्या सहामाहीनंतर या मुलीने पूर्ण अभ्यासक्रमावर तीन तास सलग लिहिलंच नव्हतं. अकरावीची सहामाही ही तिची तशी पहिली परीक्षा. तिच्या हाताला ती सवय नव्हती. तिसऱ्या पानावर मनगट दुखायला लागतं, हे वर्गातल्या अनेकांनी नंतर सांगितलं. मुलं स्वतःला 'कोरोना बॅच' म्हणत होती, आणि आपले दहावीचे गुण खरे नाहीत असं त्यांच्यातल्या हुशार मुलांनाही मनातून वाटत होतं.

तरी माझ्या मते अभ्यासातली दरी आणि आजीचं जाणं एवढ्यावर हे प्रकरण संपत नाही. घरी ही मुलगी जबाबदार माणूस होती. सकाळी काय करायचं, आजीला कधी न्यायचं, भाताला पाणी किती, हे ती ठरवायची आणि तिच्या ठरवण्यावर घर चालायचं. चौदाव्या-पंधराव्या वर्षी तिला हे आलं. सोळाव्या वर्षी ती अशा ठिकाणी परतली जिथे अभ्यासतासाला पाणी प्यायला उठायचं तर हात वर करावा लागतो. साथीच्या आधी तिला याचं काही वाटत नव्हतं, कारण तेव्हा ती लहान होती. शाळेने तिला सोडलं होतं तशीच ती परत मिळेल असं धरलं, आणि वर पहिल्यापेक्षा घट्ट शिस्त लावली.

हे बर्नआउट आहे असं मी कशावरून म्हटलं? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२पासून लागू झालं, बर्नआउट हा आजार म्हणून नाही. ती कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून दिलेली आहे. तिच्या तीन खुणा : अंगातली शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं. ती व्याख्या नोकरीपुरती आहे. पण फिनलंडच्या कतारिना साल्मेला-आरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तीन खुणा शाळकरी मुलांना लावून २००९मध्ये नऊ विधानांची प्रश्नावली तयार केली, आणि ती अनेक देशांत वापरली जाते. त्या विधानांच्या रोखाने बोलले तेव्हा तिन्ही गोष्टी हिच्यात ठळक होत्या. निवासी शाळेत मुलाचं काम आणि मुलाचं घर एकाच आवारात असतं. नोकरदार माणूस निदान संध्याकाळी बाहेर पडतो.

नैराश्य नाही ना, हे पाहणं मात्र आवश्यक होतं, आणि ते ठरवणं माझं काम नव्हे. तिला मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं. जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार आहेत का, हे मी आधीच स्पष्ट शब्दांत विचारलं होतं. तसं विचारल्याने मुलांच्या डोक्यात ते शिरतं ही समजूत चुकीची आहे. तिचं उत्तर 'नाही' होतं. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. थकव्याचा काही भाग तिथला होता, आणि तो महिनोन्महिने कुणी तपासला नव्हता. नैराश्याचं निदान डॉक्टरांनी केलं नाही, दर महिन्याला दाखवायला सांगितलं.

नैराश्य नसावं असं मला वाटण्याचं एक कारण वसतिगृहातच होतं. २०२२मध्ये सहावीत आलेली मुलं मार्च २०२०मध्ये तिसरीत होती. त्यांतल्या काहींना चार ओळी सलग लिहिता येत नव्हत्या, आणि गोव्यात मराठी-कोकणी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुलांना पाचवीपासून इंग्रजीची उडी असतेच. ती उडी या मुलांनी फोनच्या पडद्यावर घेतली होती. मोठ्या मुलींना त्यांच्याकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. ही मुलगी रोज रात्री सहावीच्या दोघींना घेऊन बसायची, मराठीत समजावून मग इंग्रजी शब्द द्यायची. तिथे तिचा आवाज वेगळा होता, मी दारातून ऐकला. हसत होती, दटावत होती. शिक्षकांच्या बैठकीत पहिला प्रस्ताव काय आला, तर हे शिकवणं बंद करावं, तिचा वेळ वाया जातो. मी ठाम विरोध केला. दिवसभरात जिथे तिला आपण कुणाच्या उपयोगी आहोत असं वाटत होतं, ती ही एकच जागा होती.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या सुट्टीआधी बैठक झाली : मुख्याध्यापक, वॉर्डन, विषयशिक्षक, मुलीचे आईवडील आणि मी. एकट्या मुलीला सवलत मागायची नाही, असं मी ठरवलं होतं. एकीला पीटी माफ केली की डॉर्मिटरीत दुसऱ्या दिवशी ती 'पेशंट' होते. आणि नोंदवही सांगत होती की त्रास वर्गाचा आहे. म्हणून मागणी अख्ख्या अकरावीसाठी केली. रात्रीचा जादा तास बंद, दिवे दहाला बंद, उठणं सहाला. खेळाचा तास रोज आणि तो कुणीही उचलायचा नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी एकेक तास देखरेखीविना, मुलांनी काय करायचं ते मुलांनी ठरवायचं. रविवारची चाचणी महिन्यातून दोनदा. घरी फोन रविवारबरोबर बुधवारीही.

विरोध झाला. एका शिक्षकांनी दुसऱ्या शाळेचं उदाहरण दिलं, तिथे रात्री अकरापर्यंत अभ्यास घेतात म्हणे. मुलं बिघडतील, मोकळ्या तासात नको ते उद्योग करतील, ही वॉर्डनबाईंची भीती होती, आणि त्यांची अडचणही खरी होती : रात्री सगळ्या मुलींची जबाबदारी त्या एकट्यांवर, त्यांनाही रजा मिळालेली नव्हती. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "अभ्यास कमी केला तर पुढे हिचं होणार कसं?" त्यांना मी उत्तरपत्रिकेची कोरी पानं दाखवली. जादा तासांना बसूनच ही पानं कोरी राहिली आहेत, एवढंच म्हटलं. एनसीईआरटीने २०२२च्या सुरुवातीला देशभरच्या सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी केली होती. त्यात ८१ टक्के मुलांनी चिंतेचं कारण अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे सांगितलं होतं. तो आकडाही बैठकीत मांडला, पण मुख्याध्यापकांचं मन वळवलं ते सिक रूमच्या नोंदवहीने. त्यांनी ती स्वतः चाळली आणि नाताळच्या सुट्टीपर्यंत प्रयोग करून पाहू म्हणाले. रविवारची चाचणी सोडून बाकी सगळं मान्य झालं.

पहिले दोन आठवडे काही सुधारलं नाही, उलट मुलं जास्त झोपाळू दिसली. मोकळ्या तासात अर्धा वर्ग चक्क झोपला. शिक्षकांना वाटलं, झालं, हेच होणार होतं. साठलेला थकवा आधी असाच बाहेर पडतो, थोडं थांबा, असं मला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. तिसऱ्या आठवड्यापासून फरक दिसायला लागला. कुणी घुमट हे मातीचं तालवाद्य आणून ठेवलं, आरत्यांचा सराव सुरू झाला, काही मुलं नुसती आवारात गप्पा मारत फिरत. ही मुलगी पहिले कित्येक दिवस भिंतीला टेकून बसायची. मग एके दिवशी तिने स्वयंपाकघरातल्या मावशींबरोबर खोबरं किसायला मागितलं. परवानगी मिळवायला मला मुख्याध्यापकांपर्यंत जावं लागलं, पण मिळाली.

लिहिण्याचा सराव आम्ही वेगळा लावला. आधी वीस मिनिटं सलग, गुण नाहीत, तपासणी नाही. मग चाळीस. मग तास. गणिताच्या बाईंनी हे मनावर घेतलं आणि सगळ्या वर्गाला करायला लावलं.

एका संध्याकाळी साथीत गेलेल्या माणसांसाठी वर्ग एकत्र बसला. ज्याला वाटेल त्याने नाव सांगायचं, वाटल्यास एखादी गोष्ट. बऱ्याच जणांनी सांगितलं, शिक्षकांनीसुद्धा. भौतिकशास्त्राच्या सरांनी आपल्या थोरल्या भावाचं नाव घेतलं. मुलांना ते माहीतच नव्हतं. आमच्या मुलीने आजीचं नाव सांगितलं, आणि आजी काजूच्या बिया भाजताना कशी ओरडायची तेही.

त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२२मध्ये, केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सेवा सुरू झाली होती. १४४१६ हा क्रमांक आम्ही भिंतीवर लावला. मग लक्षात आणून दिलं ते मुलांनीच : टीचर, फोन कुठे आहे? वसतिगृहात मुलांकडे फोन नसतो, वॉर्डनच्या खोलीतल्या फोनवरून वॉर्डनच्या समोर कोण बोलणार? जिन्याखाली एक साधा फोन बसवायला जानेवारी उजाडला.

परिणाम जसे झाले तसे सांगते. डिसेंबरपर्यंत सिक रूममधल्या रात्रीच्या नोंदी बऱ्याच खाली आल्या. मुलीची डोकेदुखी थांबली, हिमोग्लोबिन वाढलं. फेब्रुवारी २०२३च्या वार्षिक परीक्षेत तिने भौतिकशास्त्राचा पेपर शेवटपर्यंत लिहिला. गुण मध्यमच पडले, गणितात काठावर. इंजिनीयरिंगची परीक्षा द्यायची नाही, हे तिने बाबांना स्वतः सांगितलं. त्यांना ते जड गेलं. कित्येक दिवस ते बुधवारच्या फोनवर तिच्याशी मोजकंच बोलायचे.

बारावीत पुन्हा घसरण झाली. नोव्हेंबर २०२३मध्ये पूर्वपरीक्षांच्या आधी रात्रीचा जादा तास परत सुरू झाला, महिन्याभरात तिची सिक रूमची फेरीही सुरू झाली. या वेळी तिने वाट पाहिली नाही. ती स्वतः मुख्याध्यापकांकडे गेली आणि जादा तासाऐवजी सकाळी अभ्यास करते, असं लेखी दिलं. तिच्याबरोबर वर्गातल्या आणखी काही मुलींच्या सह्या होत्या. परवानगी मिळाली. ती बारावी पास झाली, सध्या गोव्यातच एका महाविद्यालयात बी.एससी. करते आहे, घरून ये-जा करते.

अशी दुसरी प्रकरणं आता इतर शाळांतूनही माझ्याकडे येतात. मी मुलाला भेटण्याआधी वेळापत्रक आणि सिक रूमची नोंदवही मागवते. कित्येक शाळांना ते आवडत नाही. मुलाशी बोला, त्याला समजवा, एवढीच त्यांची अपेक्षा असते. आठवड्यातून एक तास माझ्यासमोर बसलेलं मूल उरलेले १६७ तास त्याच वेळापत्रकात परत जाणार असेल, तर माझ्या बोलण्याने त्याला फार तर एवढं कळतं की आपण दमलो आहोत.

या शाळेत खेळाचा रोजचा तास टिकला आहे. दिवे साडेदहाला बंद होतात. जिन्याखालचा फोन चालू आहे. रविवारची चाचणी अजून दर आठवड्याला होते. ती पंधरवड्यातून एकदा व्हावी यासाठीचं पत्र या सत्रातही दिलं आहे, आणि त्यावर या वेळी भौतिकशास्त्राच्या सरांचीही सही आहे.